जुन्या प्रेमाची नोंद केस डायरीत हवी

रहस्यमालिका नेमाने पाहणाऱ्यांना हा भाग पाठ असतो. खून होतो, तपास सुरू होतो आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला दुसऱ्या खात्यातला एक अधिकारी दारातून आत येतो. नायिकेचा चेहरा क्षणभर उतरतो. सहकाऱ्याच्या ते नजरेतून सुटत नाही. ‘तुमची ओळख आहे?’ ‘होती.’ बस, आपल्याला सगळं कळतं. पुढचा वेळ खुनाकडे निम्मं लक्ष आणि त्या ‘होती’कडे निम्मं. शेवटी खुनी सापडतो, जुना प्रियकर आला तसा निघून जातो आणि पुढच्या आठवड्यात त्याचं नावही कुणी काढत नाही.

मला प्रेमाचं वावडं नाही. तक्रार वेगळीच आहे. याच मालिका बाकी सगळ्या बाबतींत किती काटेकोर असतात! रक्ताचा थेंब कोणत्या कोनातून उडाला, फोन किती वाजता कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता, पुराव्याची पिशवी कुणी उघडली आणि त्यावर कुणाची सही आहे, सगळ्याचा कीस पाडला जातो. पण तपास करणारे दोघं एकेकाळी एकत्र राहत होते, किंवा तपास अधिकारी संशयितावर कधीकाळी जीव टाकत होता, याची नोंद कुठेच होत नाही. वरिष्ठांच्या कानावर ते जात नाही, फायलीवर येत नाही, कोर्टात कुणी विचारत नाही. ते असतं फक्त पार्श्वसंगीतात. माझं म्हणणं एवढंच आहे की रहस्यकथेत जुनं प्रेम आणायचं असेल तर ते तपासाच्या हिशेबात धरावं, त्याची किंमत कुणाला तरी मोजायला लावावी. तेवढी तयारी नसेल तर आणूच नये.

‘कॅसल’ ही अमेरिकन मालिका घ्या. तिच्या २००९च्या पहिल्याच पर्वात एका लहान मुलीचं अपहरण होतं. केट बेकेट खुनांचा तपास करणारी, पण तिला या अपहरणाच्या तपासात ओढलं जातं आणि तिथे सूत्रं असतात एफबीआयच्या विल सोरेन्सनकडे, म्हणजे तिच्या जुन्या प्रियकराकडे. भाग बघायला छान आहे. बेकेटबरोबर तपासात फिरणाऱ्या रहस्यकथालेखक कॅसलची जळजळ, त्याचे टोमणे, बेकेटचं अवघडलेपण, सगळं जमून आलंय. पण एका मुलीचा जीव टांगणीला लागलेला असताना हे दोघं निर्णय घेताना एकमेकांचं ऐकतात ते अनुभवामुळे की जुन्या सवयीमुळे, हा प्रश्न कथेला पडत नाही. तिथे जुनं प्रेम आहे ते कॅसलला चिडवायला.

‘अहो, करमणूक आहे, एवढं काय मनावर घेता,’ हे उत्तर मला ठाऊक आहे. करमणुकीला माझी हरकत नाही. पण रहस्यकथेची करमणूक बाकीच्या करमणुकीसारखी सैल कधीच नव्हती, ती नियमांची करमणूक आहे. लेखक पुरावे लपवणार नाही आणि वाचकाला न्याय्य संधी देईल, हा करार या प्रकाराच्या मुळाशी आहे. एस. एस. व्हॅन डाइननं १९२८मध्ये रहस्यकथेचे वीस नियम सांगितले, त्यातला तिसराच नियम असा की कथेत प्रेमप्रकरण नको. काम गुन्हेगाराला न्यायासनापुढे आणण्याचं आहे, प्रेमी जीवांना बोहल्यावर चढवण्याचं नाही. हा नियम फारसा कुणी पाळला नाही आणि बरंच झालं. पण त्यामागची शंका खरी होती. प्रेमात पडलेला माणूस पुरावा सरळ नजरेनं पाहू शकत नाही आणि ज्या कथेचा सगळा डोलारा सरळ नजरेवर उभा आहे, तिला हा माणूस परवडत नाही.

ही शंका कल्पनेतली नाही. इटिएल ड्रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये बोटांच्या ठशांच्या पाच अनुभवी तज्ज्ञांवर एक प्रयोग केला. या तज्ज्ञांनी पूर्वी स्वतःच जुळवलेले ठसे त्यांच्यापुढे पुन्हा ठेवले, पण सांगितलं मात्र असं की माद्रिदच्या बॉम्बस्फोटानंतर एफबीआयनं चुकून जुळवलेले ते गाजलेले ठसे हेच. पाचपैकी चौघांनी आपलं जुनं मत बदललं. ठसे तेच, डोळे तेच, फक्त कानावर पडलेली गोष्ट वेगळी. तिऱ्हाईत केसबद्दलच्या एका वाक्यानं तज्ज्ञाचं मत फिरत असेल, तर चार वर्षांच्या सहवासानं अधिकाऱ्याचं मत फिरणार नाही असं कोण म्हणेल? न्यायाधीशापुढे ओळखीच्या माणसाचा खटला आला की तो स्वतःहून बाजूला होतो. त्याच्या प्रामाणिकपणावर कुणाचा संशय असतो म्हणून नव्हे, तर आपला कल कुठे झुकतोय हे ज्याचं त्याला कळत नाही म्हणून.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. ज्याच्याबरोबर आयुष्याची काही वर्षं काढली, त्याला तुम्ही कुणाहीपेक्षा जास्त ओळखता. तो खोटं बोलताना कुठे बघतो, घाबरला की कसा विनोद करतो, पैसे कुठे लपवतो, हे तपासाला उपयोगी नाही का? आहेच, आणि म्हणून तर जुनं प्रेम रहस्यकथेला इतकं शोभतं. पण ही माहिती साक्षीदाराची आहे. साक्षीदारानं बोलावं, उलटतपासणीला सामोरं जावं आणि मग दुसऱ्या कुणीतरी ठरवावं की हे ज्ञान आहे की राग. आपल्या मालिका एकाच माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही उभा करतात आणि तपास अधिकाऱ्याच्या खुर्चीतही बसवतात. ‘मी त्याला ओळखते, तो असं करूच शकत नाही’ हे वाक्य किती भागांत ऐकलं असेल! निम्म्या वेळा ते खरं ठरतं आणि आपण नायिकेच्या अंतर्ज्ञानाला टाळ्या देतो. उरलेल्या निम्म्या वेळा खोटं ठरतं आणि आपण तिच्यासाठी हळहळतो. पण हे वाक्य म्हणणारी व्यक्ती त्या केसवर मुळात का आहे, हे दोन्ही वेळा कुणी विचारत नाही.

या बाबतीत मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा भाग म्हणजे ‘बोन्स’चा शंभरावा भाग, ८ एप्रिल २०१०ला दाखवलेला. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एफबीआयचा सीली बूथ आणि हाडांवरून माणसाची कहाणी वाचणारी शास्त्रज्ञ टेम्परन्स ब्रेनन हे दोघं मिळून खून उलगडतात. पाच वर्षं प्रेक्षक यांचं कधी जुळणार म्हणून वाट पाहत होते. शंभराव्या भागात त्यांचा मानसशास्त्रज्ञ लान्स स्वीट्स या जोडीवर लिहिलेल्या पुस्तकाचं बाड त्यांच्यापुढे ठेवतो आणि ते दोघं त्याला सांगतात की तुझ्या पुस्तकाचा पायाच चुकलाय. तुला जी आमची पहिली केस वाटते, तिच्या आधी एक केस झाली होती.

त्या आधीच्या केसमध्ये काय घडलं होतं? दोघांचं सूत पहिल्या दिवशीच जुळलं होतं. दारूच्या टेबलावर बूथनं तिला कामावरून कमी केलं आणि तिनं लगेच हिशेब मांडला की आता आपण सहकारी नाही, म्हणजे आता अडचण नाही. पावसात चुंबन झालं. मग ती एकटीच टॅक्सीत बसली आणि निघून गेली. पुढे भांडण, आणि नंतर बराच काळ अबोला. प्रेक्षकांनी पाच वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण गोष्ट सुरू होण्याआधीच येऊन गेला होता. भागाचं दिग्दर्शन खुद्द बूथची भूमिका करणाऱ्या डेव्हिड बोरियानाझनं केलं होतं, त्यामुळे की काय, पावसातला तो प्रसंग कुठेही सांडत नाही.

हे ऐकून स्वीट्स म्हणतो की तुमच्यापैकी कुणीतरी ही कोंडी फोडायला हवी, आणि बूथ ती फोडतो. तो जुगाराच्या व्यसनातून बाहेर आलेला माणूस आहे, मी जुगारी आहे, या नात्यावर डाव लावू या, असं तो तिला सांगतो. ब्रेनन नाही म्हणते. आपण शास्त्रज्ञ आहोत, बदलणं आपल्याला जमत नाही, तुझ्यासारखं मोकळं मन आपल्याकडे नाही, असं रडत रडत सांगते. आणि मग विचारते की आपण एकत्र काम तरी करू शकू का? तो हो म्हणतो, पण हेही सांगतो की आता मला पुढे जावं लागेल, जन्मभर प्रेम करणारं कुणीतरी शोधावं लागेल. ती त्याचा दंड धरते आणि दोघं चालू लागतात.

लेखकांनी इथे जे धाडस केलं ते सोपं नव्हतं. शंभरावा भाग म्हणजे उत्सव, आणि उत्सवाच्या दिवशी नायिका ‘नाही’ म्हणते. शिवाय तिचा पुढचा प्रश्न प्रेमाबद्दल नसून भागीदारीबद्दल आहे. तिच्या लेखी ती जास्त मोलाची आहे. प्रेमाला भागीदारीची पुढची पायरी मानण्याची जी खोड टीव्हीला लागली आहे, तिला या एका प्रश्नानं चाप बसतो. इथवर मी या भागाच्या बाजूचा आहे.

पण तपासाच्या बाजूनं पाहा. एक सरकारी अधिकारी सल्लागार शास्त्रज्ञाला केस चालू असताना कमी करतो आणि त्यामागे कामाइतकीच इच्छाही असते. मग तीच केस ते पुन्हा एकत्र हाताळतात. पुढे वर्षानुवर्षं तिचे अहवाल आणि त्याची अटकपत्रं एकमेकांच्या आधारावर उभी राहतात. एकाही बचाव पक्षाच्या वकिलाला हा इतिहास सापडू नये? ब्रेनन कोर्टात जाते, साक्ष देते, ज्यूरीशी बोलताना तिची कशी पंचाईत होते यावर मालिकेनं हशाही पिकवला आहे. तिथे एखाद्या वकिलानं उभं राहून विचारलं असतं, ‘डॉक्टर, ज्या अधिकाऱ्याच्या संशयाला तुमचा अहवाल पुष्टी देतो, त्याच्याशी तुमचं नातं काय?’ तर? शंभराव्या भागानं हा प्रश्न मालिकेच्या आधीच्या प्रत्येक खटल्याला मागे जाऊन चिकटवला आणि मालिकेनं तो तसाच सोडून दिला. मला यात फसवल्यासारखं वाटतं. पाच वर्षं आमच्यापासून एक महत्त्वाची गोष्ट लपवलीत, ठीक आहे, प्रेमकथेत ते चालतं. पण कोर्टापासूनही लपवलीत की!

आता, लेखक मंडळी जुन्या प्रेमाला असं पाहुण्यासारखं का वागवतात? एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. अमेरिकन वाहिन्यांवरचा तासाभराचा भाग जाहिराती वगळता चाळीस-बेचाळीस मिनिटांचा, पर्वात बावीस-चोवीस भाग, आणि पुनःप्रसारणात ते कोणत्याही क्रमानं दाखवले जाणार. म्हणजे भाग संपताना सगळं जागच्या जागी हवं. दुसरं कारण म्हणजे एक जुनी भीती. ‘मूनलायटिंग’ ही १९८५ ते १९८९ची मालिका. ब्रूस विलिस आणि सिबिल शेफर्ड यांची गुप्तहेर जोडी १९८७मध्ये एकत्र आली, त्यानंतर मालिका घसरली आणि धंद्यात समजूत पक्की झाली की जोडी जुळली की मालिका मेली. तपास नीट केला तर हा आरोप टिकत नाही. त्याच सुमारास शेफर्ड जुळ्या मुलांच्या वेळी गरोदर होती, विलिस सिनेमात गुंतला होता, त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, मालिकेचा निर्माता बाहेर पडला, १९८८चा लेखकांचा संप झाला, नवे भाग वेळेवर तयारच होत नव्हते आणि जे झाले त्यांत दोघं एकत्र फारसे दिसत नव्हते. एवढे संशयित समोर असताना सगळ्यांनी एकट्या प्रेमाला फाशी दिली. ‘बोन्स’ची जोडी पुढे जुळली, लग्नही झालं आणि मालिका २०१७पर्यंत चालली.

या भीतीपोटी लेखकांनी एक सोयीची वाट काढली, ती म्हणजे जुनं प्रेम मारून टाकायचं. ‘मंक’मधल्या एड्रियन मंकची बायको ट्रुडी मालिका सुरू होण्याआधीच मेलेली, ‘द मेंटॅलिस्ट’मधल्या पॅट्रिक जेनची बायको आणि मुलगीही तशीच. दोन्ही मालिका मला आवडतात, टोनी शलूबचा मंक तर खासच. पण मेलेली बायको तक्रार करत नाही. आमच्या संसारात नक्की काय होतं, तू घरी किती यायचास, तुझ्या हुशारीचा मला किती जाच व्हायचा, हे सांगायला ती परत येत नाही. तिचा फोटो नायकाच्या पाकिटात राहतो आणि त्याच्या स्वभावाला खोली देतो. जिवंत ‘माजी’ व्यक्तीकडे मात्र स्वतःची एक बाजू असते, आणि गतकाळाची दोन माणसांनी सांगितलेली दोन रूपं ताडून पाहणं यालाच तर तपास म्हणतात. रहस्यकथेच्या हातात आयता पडलेला हा ऐवज इतक्या मालिका वाया घालवतात याचं मला नवल वाटतं.

ज्यांनी तो वाया घालवला नाही त्यांत मी ‘ब्रॉडचर्च’ला पहिला नंबर देईन. (२०१३ची ब्रिटिश मालिका. पाहायची राहिली असेल तर इथून पुढचे काही परिच्छेद सोडून द्या, खुनी कोण ते मी सांगणार आहे.) अ‍ॅलेक हार्डी हा चिडका, आजारी अधिकारी एका किनाऱ्यावरच्या गावात येतो तो बदनामीचं ओझं घेऊनच. सँडब्रुकच्या मोठ्या केसमध्ये एक निर्णायक पुरावा, एक लॉकेट, पोलिसांच्या हातून गेलं आणि खटला कोसळला. दोष हार्डीच्या माथी. खरी गोष्ट बरीच उशिरा कळते. लॉकेट होतं त्याच्या बायकोच्या गाडीत. तीही त्याच केसवर अधिकारी. पुरावा घेऊन येताना ती वाटेत एका हॉटेलवर थांबली, एका सहकाऱ्याबरोबर, ज्याच्याशी तिचं प्रकरण चालू होतं, आणि तेवढ्यात गाडी फोडली गेली. मुलीला आईबद्दल हे कळू नये म्हणून हार्डीनं दोष स्वतःवर घेतला.

यात किती गोष्टी एकत्र आल्यात बघा. नवरा-बायको एकाच केसवर, तिसराही त्याच खात्यातला, आणि तिघांच्या भावनांचा भुर्दंड मेलेल्या मुलीच्या आईबापांनी भरला. हार्डीचा त्याग उदात्त आहे असं वाटतं न वाटतं तोच लक्षात येतं की त्यानं खरी माहिती दाबली. बायकोला वाचवताना एका अधिकाऱ्यानं नोंद खोटी ठेवली. मालिका त्याला यासाठी माफ करत नाही आणि शिक्षाही जाहीर करत नाही. तिनं ते सगळं त्याच्या छातीत, त्याच्या बिघडलेल्या हृदयात ठेवलंय. तेवढं एक रूपक मला जरा ढोबळ वाटतं, असो.

आणि मग दुसरी बाजू, हार्डीची सहकारी अधिकारी एली मिलर. गावातल्या मुलाचा खुनी तिचाच नवरा, जो मिलर, निघतो. हार्डी तिला आधी बाजूला घेऊन सांगतो, त्यानंतर ती चौकशीच्या खोलीत नवऱ्यासमोर येते आणि त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवते. तो प्रसंग पाहताना आपण तिच्या बाजूनं असतो, तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं असं म्हणतो. इतर कोणत्याही मालिकेत गोष्ट इथेच संपली असती, आपलं मन हलकं करून. ‘ब्रॉडचर्च’ २०१५मध्ये दुसरं पर्व घेऊन येते आणि बिल पाठवते. जो मिलर गुन्हा नाकारतो, त्या मारहाणीमुळे त्याचा कबुलीजबाब ज्यूरीपुढे येऊ शकत नाही आणि शेवटी तो निर्दोष सुटतो. एलीचा एक लाथेचा क्षण मुलाच्या आईबापांना न्यायाला मुकवतो.

त्याहून पुढची गोष्ट अशी. बचाव पक्षाची वकील उलटतपासणीत असं सुचवते की हार्डी आणि एली यांचंच प्रकरण होतं आणि दोघांनी मिळून जोला अडकवलं. अटकेच्या रात्री ती त्याच्या हॉटेलच्या खोलीत गेली होती ना? गेली होती. तिथे काय घडलं ते आपल्याला माहीत आहे. एक उद्ध्वस्त बाई तिच्या एकमेव उरलेल्या सहकाऱ्याकडे गेली होती. या दोघांत प्रेम नव्हतं, नाही आणि मालिकेला ते आणायचंही नाही. डेव्हिड टेनंट आणि ऑलिव्हिया कोलमन यांनी ती भागीदारी अशी रंगवली आहे की प्रेम त्यात मावणारच नाही. तरीही कोर्टात त्या भागीदारीला प्रेमाचा रंग फासला जातो आणि आपल्याला संताप येतो. पण क्षणभर थांबलं तर कबूल करावं लागतं की प्रश्न गैर नाही. वकिलाला तो विचारायचा हक्क आहे. सँडब्रुकच्या लॉकेटचं जे झालं त्यानंतर तर नक्कीच आहे. एका केसमध्ये लपवलेल्या नात्यानं दुसऱ्या केसमधल्या निखळ मैत्रीवरचा विश्वास असा पोखरला जातो.

शेरलॉक होम्सच्या आधुनिक अवतारांतही हाच फरक दिसतो. मूळ कथा १८९१ची. तिच्यात वॉटसन सुरुवातीलाच बजावतो की होम्सला आयरीन अ‍ॅडलरबद्दल प्रेमासारखं काही वाटत नव्हतं. त्याला मात देणारी ती बाई आहे आणि तिच्याबद्दल आदर आहे, एवढंच. टीव्हीला एवढ्यावर समाधान कसं व्हावं! बीबीसीच्या ‘शेरलॉक’नं १ जानेवारी २०१२च्या भागात तिच्या फोनचा पासवर्डच शेरलॉकच्या नावावरून ठेवला, म्हणजे जिनं होम्सला हरवलं तिचा पराभव तिच्याच मनानं केला. मला तो भाग चकचकीत पण अन्यायकारक वाटतो.

त्याच वर्षी अमेरिकेत सुरू झालेल्या ‘एलिमेंटरी’नं मात्र वॉटसनलाच बाई केलं, जोन वॉटसन, आणि सात पर्वं दोघांत प्रेम येऊ दिलं नाही. प्रेम होतं ते मागे, आयरीनवर, जिला शेरलॉक मेलेली समजत होता. पहिल्या पर्वाच्या शेवटी ती जिवंत सापडते आणि होम्सचा कट्टर शत्रू मोरियार्टी तीच निघते. म्हणजे ज्या प्रेमाच्या दुःखानं तो व्यसनात बुडाला ते प्रेम हाच गुन्हा होता. आता महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिला पकडतं कोण? शेरलॉक नाही. मोरियार्टी जोनला जेवायला बोलावते आणि तिला होम्सनं शोभेला पाळलेलं पात्र समजून हिणवते. त्याच टेबलावर जोन तिला वाचते. हिचंही शेरलॉकवर प्रेम आहे, हीच हिची कमजोरी, हे जोनला दिसतं, कारण ती या प्रेमात गुंतलेली नाही. मग शेरलॉक पुन्हा व्यसनाला बळी पडल्याचं नाटक करतो, मोरियार्टी इस्पितळात त्याच्या उशाशी येते आणि सापडते. तुला वॉटसननं ओळखलं, हे तो तिला सांगतो तेव्हा त्याचा विजय त्याच्या तोंडावर नसतो, वॉटसनबद्दलचा अभिमान असतो. जुनं प्रेम असलेल्या माणसानं साक्ष दिली आणि निर्णय तिऱ्हाईत जोडीदारानं घेतला. मघाशी म्हटलं ना, साक्षीदार एक आणि अधिकारी दुसरा? ते इथे चोख पाळलंय आणि त्यामुळे कथा कोरडी न होता जास्त रंगली.

प्रेम आणि तपास यांचा हिशेब चोख मांडणारी आणखी एक जुनी जोडी आहे. ब्रिटिश लेखिका डोरोथी सेयर्सच्या कादंबऱ्यांतल्या हॅरिएट व्हेनवर आपल्या माजी प्रियकराला आर्सेनिक देऊन मारल्याचा आरोप आहे. लॉर्ड पीटर विम्झी तिला आरोपीच्या पिंजऱ्यात पाहतो, प्रेमात पडतो आणि तिला सोडवतो. मग ती आनंदानं त्याच्या गळ्यात माळ घालते? छे! १९३०च्या कादंबरीतल्या मागणीला होकार येतो १९३५च्या कादंबरीत. ज्यानं जीव वाचवला त्याच्याशी बरोबरीचं नातं कसं जुळणार, हा तिचा सवाल आहे, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत ती त्याच्याबरोबर गुन्हे उलगडते पण लग्न करत नाही. १९८७मध्ये बीबीसीनं हे टीव्हीवर आणलं तेव्हा हॅरिएट वॉल्टरनं हा ताठरपणा जपला. आजच्या मालिकेत ती दुसऱ्या भागातच विरघळली असती.

आपल्याकडे या सगळ्यापासून सुरक्षित अंतर राखून जी मालिका चालली ती ‘सीआयडी’. १९९८ला सुरू झाली, वीस वर्षं अखंड चालली, २०२४च्या अखेरीस परत आली, आणि एवढ्या काळात एसीपी प्रद्युम्नच्या टीममध्ये कुणाचं वैयक्तिक आयुष्य केसच्या आड फारसं आलं नाही. अपवाद लॅबमधला. अभिजीत डॉक्टर तारिकाकडे पाहून पाघळतो, डॉक्टर साळुंखे खेकसतात, प्रेक्षक हसतात आणि रिपोर्ट येतो. निरुपद्रवी गंमत आहे, मीही हसलोय. पण समजा, या दोघांचं जुळलं, वर्षभर चाललं आणि मग कडू होऊन तुटलं. त्यानंतर एके दिवशी अभिजीतनं पकडलेल्या संशयिताच्या कपड्यांवरचं रक्त तपासायला तारिकाकडे येतं आणि तिचा रिपोर्ट म्हणतो की हे रक्त मृताचं नाही. अभिजीतला वाटणार ती सूड उगवतेय. तारिकाला वाटणार तो आपला हट्ट पुराव्यावर लादतोय. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात, दोघंही चुकत असू शकतात, आणि मधे एक माणूस कोठडीत आहे. नमुना दुसऱ्या लॅबला पाठवायचा निर्णय कुणीतरी घ्यावा लागेल, म्हणजे कारण लेखी द्यावं लागेल, म्हणजे दोघांचं नातं कागदावर येईल आणि सरकारी वकील कपाळाला हात लावेल. दार तोडायला दया लागणार नाही, गोळीबार लागणार नाही, तरी खुर्चीला खिळवून ठेवणारा भाग होईल. त्यात उलटतपासणीला साळुंखे उभे राहिले आणि वकिलानं विचारलं की या दोघांबद्दल तुम्हाला कधीपासून माहीत होतं, तर ते काय उत्तर देतील हे मला ऐकायचंय.